चि. नंदूस

अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू सारखं तोंड फिरवत होतास. आईला ऐकू येत नाही, म्हणजे खोकला लपला असं वाटलं तुला. छाती हलताना दिसते रे. एक्स-रे काढ म्हटलं, तर चिडून फोनच ठेवलास. असो. त्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तुझ्या त्या अमेरिकन मूकपटांतल्या नटाबद्दल, लॉन चेनीबद्दल, मिळेल ते वाचते आहे. जन्म 1883 चा, कोलोराडो स्प्रिंग्जचा. वडील न्हावी, आईबाप दोघेही मूकबधिर. संधिवातानं आई अंथरुणाला खिळली तेव्हा पोरानं शाळा सोडली, आणि गावात काय काय घडलं ते रोज तिला नकला करून दाखवायचा. लोक त्याच्या मेकअपचं कौतुक करतात, पण नट तो त्या अंथरुणाशीच झाला असणार. बाबांचं बँडवाल्याशी भांडण झालं, ते तू गाल फुगवून मला करून दाखवलं होतंस. आत्या तिथे हजर होती, तरी तुझी नक्कल बघायला पुन्हा बसली!

‘द पेनल्टी’त, 1920 साली, पाय तुटलेला गुंड करायला त्यानं पाय मागे दुमडून बांधले आणि गुडघ्यांवर चालला. मला पुढे वाचवेना. तुम्हा नटांना अंगाचे हाल म्हणजे मोठेपणा वाटतो. वेळेवर जेवावं, रात्री झोपावं, प्रयोग संपल्यावर टपरीवर सिगारेटी ओढत उभं राहू नये. बघ, सुरू झाले मी. रागावू नकोस.

‘फँटम ऑफ द ऑपेरा’ पाहिला. मुखवटा निघाल्यावर सगळे चेहरा बघतात, मी त्याचे हात बघत होते. मूकपटात मला आणि शेजारच्या बाईंना सारखंच कळलं असतं. मग बोलपट आले. 1930 साली ‘द अनहोली थ्री’त त्यानं पाच आवाज काढले आणि ते आपलेच आहेत असं प्रतिज्ञापत्र दिलं. बोलपट तेवढा एकच झाला. आदल्याच वर्षी ‘थंडर’च्या शूटिंगच्या वेळी न्यूमोनिया झाला होता, नंतर कॅन्सर निघाला. 26 ऑगस्ट 1930 ला गेला. वय सत्तेचाळीस. शेवटी आवाज गेला, तेव्हा घरच्यांशी खुणांनी बोलायचा म्हणे. नंदू, छातीचं दुखणं अंगावर काढू नये.

म्हाताऱ्याच्या वेशातला तुझा फोटो मी सगळ्यांना दाखवला. तू मान अशी धरली आहेस की क्षणभर आजोबाच वाटले. बाबा काही बोलले नाहीत, पण फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला.

आत्या शुक्रवारी दादरला येते आहे. तिच्याबरोबर डिंकाचे लाडू देते आणि एक्स-रेचे पैसेही देते. ते दुसरीकडे खर्चू नकोस. रिपोर्टचा फोटो आधी मला पाठव, बाबांना नको.

तुझी,
आई