मठाच्या कोठीतल्या पोथ्यांसाठी आणि त्या वाचणाऱ्यांसाठी आवाहन

सप्रेम दंडवत प्रणाम.

वऱ्हाडातल्या आमच्या गावी महानुभाव पंथाचा जुना मठ आहे. मठाच्या मागच्या कोठीत पूर्वी ज्वारी-तुरीची पोती असत. आता तिथे चार लाकडी पेट्या आहेत, आणि पेट्यांत लाल बासनांत बांधलेल्या हस्तलिखित पोथ्या. गेल्या पावसाळ्यात कोठीची मागची भिंत पाझरली. दोन पेट्यांना खालून ओल लागली, एकीच्या तळाशी वाळवी चढली. मठातल्या वयोवृद्ध संन्यासिनी, तपस्विनी बाई, यांच्या वेळीच लक्षात आले म्हणून पोथ्या बाहेर काढून ओसरीवर सावलीत पसरता आल्या. तरीही काही पोथ्यांची पाने एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. येता मृग लागायच्या आत या पोथ्यांची नीट व्यवस्था व्हायला हवी. त्यासाठी आम्ही आपल्या दारी आलो आहोत.

पैसे कशाकशाला लागणार ते पुढे सांगतोच. पण या पोथ्या आहेत तरी काय, हे आधी सांगणे भाग आहे. गावातल्याच कितीतरी मुलांना त्या म्हणजे देवघरातले जुने कागद वाटतात.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी महाराष्ट्रात हा पंथ प्रवर्तित केला. स्वामी जन्माने गुजरातचे, पण त्यांनी निरूपण केले ते मराठीतच. संन्यास घेणाऱ्यांना त्यांनी घालून दिलेला आचार कडक होता: एका जागी बस्तान बसवायचे नाही, नित्य अटन करायचे, म्हणजे फिरत राहायचे, भिक्षेचे अन्न खायचे, एकांतात नामस्मरण करायचे. या वाटेवर बायका होत्या, आणि समाजाने ज्यांना दूर ठेवले होते अशी माणसेही होती. घर नाही, शेत नाही, उद्याच्या जेवणाची शाश्वती नाही, अशा माणसांनी मराठीतले पहिले मोठे गद्य उभे केले, हे आजही मनाला थक्क करते. मठ पुढे झाले. सुरुवातीला नुसती माणसे होती, आणि त्यांचे ऐकणे, स्मरणात ठेवणे, एकमेकांना सांगून पडताळणे.

स्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, स्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहिले. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, या शिष्यांचे प्रमुख. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून एकेक लीळा, म्हणजे स्वामींच्या चरित्रातला एकेक प्रसंग, मिळवली, भटोबासांकडून ती तपासून घेतली आणि मग लिहिली. त्यातून इ.स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. एखाद्या प्रसंगाविषयी दोघांची आठवण वेगळी निघाली तर कोण काय म्हणतो ते नावानिशी नोंदवायचे, ही शिस्त त्या ग्रंथपरंपरेत दिसते. आज इतिहासाचे विद्यार्थी जे शिकतात ते या भिक्षेकरी माणसांनी साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या गुरूवरच्या प्रेमापोटी केले. केसोबासांनी स्वामींची वचने आणि दृष्टांत वेगळे काढून सूत्रपाठ व दृष्टांतपाठ सिद्ध केले. महदाइसेने धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले आणि मराठीला तिची पहिली ज्ञात कवयित्री लाभली.

यातला एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. केसोबास संस्कृतचे जाणते. त्यांच्या मनात संस्कृतात ग्रंथरचना चालू ठेवायची होती. भटोबासांनी त्यांना थांबवले. तसे केले तर आपल्या परिवारातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण. आचार्यांनी समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहून ठरवले की शास्त्र मराठीत राहील. मराठीच्या वाट्याला पुढे जे आले त्यात या ठरवण्याचा वाटा किती मोठा आहे, हे आपण क्वचितच बोलून दाखवतो.

पुढे धाडीच्या काळात लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिले. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. त्यातला एक हिराइसा या विदुषीच्या नावाने ओळखला जातो. ग्रंथ जपण्यासाठी आणि तो जाणत्या हातीच राहावा म्हणून संन्याशांनी सांकेतिक लिप्या घडवल्या: सकळ, सुंदरी आणि आणखी कितीतरी. त्यात एका अक्षराच्या जागी दुसरे येते, काही शब्दांना एकच खूण असते. किल्ली ठाऊक नसेल तर पान समोर असूनही अर्थ लागत नाही. यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले हे खरे, पण बाहेरच्या जगाला ते शतकानुशतके कळलेच नाहीत हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांना या लिपीची उकल झाली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचा अभ्यास करून तो इंग्रजी वाचकांपर्यंत नेला. आणि पंजाबात, पार पेशावर-काबूलपर्यंत, जिथे या पंथाला जयकृष्णी म्हणत, तिथल्या मठांतही धर्मग्रंथ मराठीतच राहिले.

आता आमच्या कोठीकडे वळू. या पेट्यांत काय नाही? लीळांच्या प्रती आहेत, सूत्रपाठ आहेत, स्वामींच्या वास्तव्याच्या जागा नोंदवणाऱ्या स्थानपोथ्या आहेत, भाष्ये आहेत, आरत्या आणि स्तोत्रे आहेत. हातकागद, बोरू आणि काजळीची शाई. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या आहेत असा आमचा दावा नाही. कोणती प्रत जुनी, कोणती दुर्मिळ, हे जाणकारांनी पाहूनच ठरेल. पण एक पोथी आम्ही आलेल्या प्रत्येकाला दाखवतो. हाताच्या पंजाएवढी, झोळीत मावेल अशी. लिहिणाऱ्याने एका ओळीत चुकीचा शब्द हरताळाने पिवळा करून बुजवला आहे, आणि गळलेला शब्द समासात लिहून ओळीत बारीक खूण केली आहे. कडांना बोटांचे काळपट ठसे आहेत, म्हणजे ती रोज वाचली जात होती. शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याने आपले नाव घातलेले नाही. पोथीला पाण्यापासून आणि तेलापासून जपा, एवढेच वाचणाऱ्याला विनवले आहे. गेल्या पावसाळ्यात याच पोथीची शेवटची सहा पाने भिजली.

तपस्विनी बाई सकळ लिपी पोथीवर बोट ठेवून सरळ वाचतात. त्यांना हे त्यांच्या गुरूंनी शिकवले, लहानपणी, रोज पहाटेच्या स्मरणानंतर एक पान याप्रमाणे. आज त्यांचे वय झाले आहे, दृष्टी अधू झाली आहे. मठात नव्याने दीक्षा घेणारे थोडे, आणि जे येतात त्यांच्यावर मठाची, यात्रेकरूंची आणि शेतीची कामे पडतात. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी आहे ती याची. पोथ्यांचे छायाचित्रण केले की काम झाले, असे आम्हाला अनेकांनी सुचवले. छायाचित्रे हवीतच. पण ज्या पानाचा अर्थ सांगणारा कोणी उरला नाही त्या पानाचे छायाचित्र कितीही स्वच्छ असले तरी उपयोग काय? पोथी ज्या जगण्यातून आली त्यात वाचन, पाठांतर आणि निरूपण हा रोजचा नेम होता. हा नेम पुढच्या माणसाच्या हाती गेला पाहिजे.

म्हणून समितीने दोन कामे एकत्र हाती घेतली आहेत. कोठीच्या भिंतीची आणि छपराची दुरुस्ती गावाने स्वतःकडे घेतली आहे. विटा-सिमेंट लोकांनी दिले, गवंडीकाम श्रमदानातून होईल. बाकीच्या खर्चासाठी आपली मदत हवी. जमिनीपासून उंच बसणारी चार पोलादी कपाटे, १,००,००० रुपये. आम्लरहित कागदाची वेष्टने, खोकी आणि नवी सुती बासने, ६०,००० रुपये. चिकटलेली पाने सुटी करणे आणि सगळ्या पोथ्यांचे छायाचित्रण, ८०,००० रुपये. हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घेणार आहोत, घरगुती डिंक किंवा चिकटपट्टी कोणालाही लावू देणार नाही. आणि दोन विद्यार्थ्यांना वर्षभर तपस्विनी बाईंजवळ बसून लिपी आणि पोथीवाचन शिकता यावे म्हणून प्रत्येकी दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन, म्हणजे १,९२,००० रुपये. एकूण गरज ४,३२,००० रुपयांची. यातली कोणतीही एक गोष्ट आधी करायची वेळ आली तर आम्ही विद्यावेतन आधी देऊ आणि कपाटे उसनी आणू.

विद्यार्थी मुलगा असो वा मुलगी, पंथातला असो वा नसो, मठाला चालेल. महंत बाबांनी तसे सांगितले आहे. अट एकच: वर्षभर राहायचे आणि मठाचा नेम पाळायचा. मराठी किंवा इतिहास घेऊन शिकणारे कोणी आपल्या माहितीत असेल तर जरूर कळवा. काही पोथ्या दीक्षितांनीच वाचायच्या, असा परंपरेचा दंडक आहे. त्यांच्या बाबतीत महंत बाबांचा शब्द अखेरचा राहील, आणि छायाचित्रे कोणाला दाखवायची हेही तेच ठरवतील. अभ्यासकांना हे कधी अडचणीचे वाटते, पण ज्यांनी इतकी वर्षे या पोथ्या जपल्या त्यांचा एवढा अधिकार मान्य केलाच पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. याचा आम्हाला अतिशय आनंद आहे. मात्र विद्यापीठाचे हात गावोगावच्या मठांतल्या पेट्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल, आणि वाळवी तोवर थांबणार नाही.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनीही मागे राहू नये. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या आपल्या गावकऱ्यांनी पोथ्यांची यादी संगणकावर उतरवायला हात लावावा. ते काम घरबसल्या होते. सुतारकाम, विजेचे काम जाणणाऱ्यांनी दोन दिवस द्यावेत. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी कोणी तांदूळ-डाळ दिली तरी ती भिक्षा म्हणून आदराने घेतली जाईल.

आणखी एक कळकळीची विनंती. पंचक्रोशीतल्या अनेक जुन्या घरांत माळ्यावर किंवा देव्हाऱ्यामागे अशा पोथ्या असतील. घर पाडताना, वाटणी होताना, किंवा कोणाला वाचता येत नाही म्हणून त्या नदीत सोडल्या जातात. कृपा करून तसे करू नका. आम्हाला कळवा, आम्ही येऊन पाहू. पोथी तुमचीच राहील, तुमच्या घरीच राहील. फक्त तिची नोंद आणि छायाचित्र घेऊ आणि ती कशी ठेवायची ते सांगू.

देणगी मठाच्या कचेरीत रोख किंवा धनादेशाने स्वीकारली जाईल आणि लगेच पावती मिळेल. खात्याचा तपशील मठाच्या फलकावर आणि पावतीपुस्तकावर छापलेला आहे. त्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. जमाखर्च दर महिन्याच्या अखेरीस त्याच फलकावर लावला जाईल. पोथ्या पाहायच्या असतील तर सकाळच्या आरतीनंतर या. तपस्विनी बाई तेव्हा ओसरीवर वाचत बसलेल्या असतात.

आपले,
मठातील पोथ्यांच्या जतनासाठी नेमलेली समिती आणि समस्त ग्रामस्थ