करंटच्या मासेमारीत न दिसणारे नुकसान

महोदय,

पहिल्या जोरदार पावसानंतर कोकणातील ओढ्यांत चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे येऊ लागले, की पाठीवर बॅटरी व इन्व्हर्टर घेऊन किंवा विजेच्या तारेवर सरळ आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारेही तेथे पोहोचतात. त्याची बातमी होते ती बहुधा कोणी शॉक लागून दगावल्यावरच. गाबोळीने पोट तटतटलेल्या माद्या आणि त्यांनी नुकतीच सोडलेली अंडी यांचे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

विजेच्या धक्क्याने माशाचे स्नायू इतके आखडतात की कधी पाठीचा कणाही मोडतो. अंड्यातील भ्रूणाची गोष्ट निराळी आहे. ट्राउट या माशाच्या अंड्यांवरील प्रयोगांत असे आढळले, की फलनानंतर भ्रूणाचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. त्यात धक्का बसलेली अंडी अधिक मरतात. थंड पाण्यातील ट्राउटमध्ये हा काळ कित्येक दिवसांचा असतो. आपल्या रोहू-कटल्याचे अंडे 27-28 अंश तापमानात साधारण 14 ते 20 तासांत फुटते, म्हणजे भ्रूणाची जवळजवळ सारी घडण एका रात्रीत आणि पुढच्या काही तासांत उरकते, आणि करंटवाले येतात तेही बहुधा रात्रीच.

अटलांटिक कॉड माशावर कोळंबी पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या स्पंदांचा (थांबून थांबून दिलेल्या छोट्या झटक्यांचा) प्रयोग झाला, तेव्हा भ्रूणांची मरतूक लक्षणीय वाढली नाही, हेही सांगायला हवे. परंतु अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलांपैकी काही वयाची पिले कमी जगली. ते स्पंद मोजूनमापून, अवघे काही सेकंद दिलेले होते. आपल्याकडे तारेवरून थेट ओढ्यात उतरणाऱ्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाला असे कोणतेही माप नसते, आणि माशांना सर्वाधिक इजा करणारा प्रवाह हाच मानला जातो. युरोपीय संघाने तर मोजूनमापून केलेली स्पंद-मासेमारीही 2021 पासून बंद केली.

1897 च्या मूळ भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यात स्फोटके व विष यांचा स्पष्ट उल्लेख आहे, विजेचा नाही. प्रजननासाठी समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्याच दिवसांत ओढ्यांवर मत्स्यव्यवसाय विभाग, पोलीस व वीज कंपनीने रात्रीची संयुक्त गस्त घालावी. शासनाने विजेच्या मासेमारीला नाव घेऊन बंदी करावी आणि स्थानिक माशांच्या भ्रूणांवर करंटचा काय परिणाम होतो, याची तपासणी मत्स्यबीज केंद्रांतून करून घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, राजापूर