अर्धा पॉइंट

वर्धा

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

काल "अर्ध्या पॉइंटानं नॉर्म गेला" एवढंच बोलून तू फोन ठेवलास. रात्री तू पाठवलेला बुद्धिबळाच्या त्या डावाच्या स्कोअरशीटचा, खेळ्या लिहायच्या कागदाचा, फोटो मोठा करून बघत बसले. पस्तिसाव्या खेळीपर्यंत अक्षर कसं टपोरं आहे. पुढं आकडे चौकटीबाहेर गेलेत आणि एका जागी हत्तीची खेळी खोडून पुन्हा लिहिलीस. डाव तिथंच निसटला ना?

ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेत तशी कामगिरी तीनदा, वर 2500 रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, आणि प्रत्येक नॉर्मला निदान नऊ डावांत 2600 च्या तोडीचा खेळ. हा हिशेब मला आता तोंडपाठ झालाय. तोच मी आठवडाभर तुझ्या मागे लावला. फेरी संपली की आधी "पॉइंट किती झाले?" आठव्या फेरीनंतर तर मावशीला नॉर्म आल्यासारखंच सांगून टाकलं. तू ते ऐकलंस. माझं चुकलं, बाळा.

जुलै 2025 मधला तो सोमवार आठवतो? जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाची फायनल. समोर कोनेरू हम्पी, तू जन्मायच्या आधीच, 2002 साली, ग्रँडमास्टर झालेली. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा अवघी 19 वर्षांची. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत, मग कमी वेळेच्या रॅपिडचा पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडं काळी मोहरी. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून गेलं, डाळ पार खाली लागली, पण आपण दोघी मोबाईलपुढून हललो नाही. हम्पीचं घड्याळ संपत आलं, तिची चूक झाली आणि दिव्या जिंकली. आईच्या गळ्यात पडून रडली पोर, आणि इथं मीही.

विश्वचषक जिंकल्यामुळे एकही नॉर्म नसताना ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची 88 वी, बायकांत चौथी. "आई, असंही होता येतं?" असं तू विचारलंस तेव्हा मी मान डोलावली, पण माझ्या मनात दुसरंच घोळत होतं. जिंकल्यावर लगेच ती म्हणाली होती की मला एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, शिकायला हवा, मध्ये कुठंतरी मी घोळ घातला. विश्वचषक मिळाला तरी मन त्या प्याद्यांतच अडकलेलं!

तुझंही तसंच असणार. मी अर्ध्या पॉइंटात अडकले आणि तू त्या हत्तीत.

रविवारी बाबा स्टेशनवर येतील. भरली वांगी करून ठेवते. जेवण झालं की दिवाणावर पट मांड आणि ती छत्तिसावी खेळी मला दाखव. हत्ती कुठं जायला हवा होता, ते सावकाश सांग. मला सगळं कळायचं नाही, पण मध्येच उठणार नाही. मावशीचा फोन आला तरी.

तुझी,
आई