बिडी सोडल्याचं पारावर सांगा

छत्रपती संभाजीनगर,
श्रावण

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईनं फोनवर हळूच सांगितलं, "आषाढीपासून बिडी बंद केलीय त्यांनी, पर कुणाला बोलू नको म्हणलेत." म्हणून पत्र लिहायलेय. आपल्या घरचा फोन कायम स्पीकरवर आणि ओट्यावर चार माणसं.

अण्णा, लपवायचं कारण कळतं मला. मागं तुळजापूरला शपथ घेतली आणि ती मोडली, तेव्हा लोकांनी वर्षभर तोंडावर बोलून दाखवलं. शपथेचं मला पहिल्यापासून पटत नाही. ती मोडली की माणूस देवाला तोंड दाखवायला लाजतो आणि पुन्हा प्रयत्नच करत नाही. पण गुपचूप सोडणं त्याहून अवघड. पारावर बंडल पुढं करणारे काही तुमचे वैरी नाहीत, त्यांना माहीतच नाही. आज तुम्ही घसा धरल्याचं सांगता, उद्या उपास सांगाल, परवा काय सांगणार? एकदाच सांगून टाका, "सोडलीय, मला देऊ नका." दोन दिवस चेष्टा होईल. नंतर त्यांच्यातलाच एखादा नव्या माणसाला सांगेल, "त्यांना देऊ नको रे." वेशीजवळच्या किराणावाल्यालाही सांगून ठेवा, उधारीवर बंडल द्यायचं नाही म्हणून. आणि वरच्या आळीतल्या काकांनी दम्यामुळं सोडलीय, शेतातून येताना त्यांच्याकडं दहा मिनिटं टेकत जा. सोडलेल्या माणसाशी बोललं की आपल्याला होतंय ते काही वेगळं नाही, हे कळतं.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, ते तुमचे गेले. चिडचिड, झोपमोड, सारखं काहीतरी खावंसं वाटणं पुढंही काही आठवडे चालतं. खोकला आधी वाढूही शकतो. मेडिकलवर असे किती तरी जण येतात, "सोडल्यावरच खोकला वाढला" म्हणत परत ओढायला लागलेले. आणि लाजू नका, लेक असले तरी औषधांच्या दुकानात उभी असते दिवसभर: बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, हे गावात सगळेच म्हणतात ते खोटं नाही. निकोटीननं आतडं हलतं, ते बंद झालं की काही दिवस जड जातं. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, रात्री भिजवलेल्या मनुका. आतड्याला हळूहळू सवय होते.

मला खरी काळजी रात्रीच्या लाईटीची वाटते. मोटर चालू करून बांधावर बसायचं, झोप येऊ नये म्हणून बिडी पेटवायची, हे इतकी वर्षं चाललं. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, पण रात्री दोन वाजता ती मिनिटं लांब वाटतात. खिशात काडेपेटीच ठेवू नका. फुटाणे, बडीशेप, लवंग ठेवा. पाणी प्या, दारं मोडायला उठा, नाहीतर मला फोन लावा. मी उचलीन, खरंच. दादालाही सांगितलंय. तो म्हणला, "मला आधी का नाही सांगितलं?" बघा.

आई, आता तुझ्याशी. त्यांचे सदरे हुंगणं आणि खिसे तपासणं बंद कर. "बघू किती दिवस टिकतंय" हेही. चिडले तर तू उलटं बोलू नकोस, ते चिडणं तुझ्यावरचं नसतं. आणि दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. तुझी मिश्री. तीही भाजलेली तंबाखूच आहे, दातांचं औषध नाही. 2015 साली इंग्लंडमधला एक अभ्यास आला, पन्नाशीपुढच्या जोडप्यांचा. नवरा-बायकोतल्या दुसऱ्यानंही त्याच काळात सिगारेट सोडली, तिथं साधारण निम्म्यांना सोडायला जमलं. जिथं दुसरा ओढतच राहिला, तिथं शंभरात आठच. तो अभ्यास धुराचा होता, मिश्रीचा नव्हे, पण एकाच घरात एकानं सोडायची आणि दुसऱ्यानं रोज सकाळी डबी उघडायची, हे मला पटत नाही.

तंबाखूवरून आठवलं. अण्णा, बिडी सोडून चुना मळायला लागू नका. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारही नव्हते, पण तोंडात ठेवणारे चोवीसच्या वर. आपल्याकडं बिडी सोडलेला माणूस बऱ्याचदा तिकडंच वळतो आणि "सोडली" म्हणून मोठ्यानं सांगतो.

फारच जड गेलं तर निकोटीनचा च्युइंगगम मिळतो. सारखा चघळायचा नसतो, हळूहळू थोडा चावून गालात ठेवायचा, आणि चहासोबत तर अजिबात नाही, निकोटीन नीट उतरत नाही. तुमच्या हलत्या दाढा आणि बीपीच्या गोळ्या पाहता आधी आंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात विचारू, मनानं घ्यायचा नाही. तंबाखूच्या पुड्यांवर 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो. फुकट आहे. फोनवर माणूस बोलतो, पुढं स्वतःहून विचारपूसही करतात. अनोळखी माणसाजवळ बोलणं तुम्हाला कदाचित सोपं जाईल.

आणि एखादी ओढलीच, मयतीला किंवा लग्नात, तर त्या एकीवर थांबा आणि मला सांगा. मी रागावणार नाही. बहुतेकांची एका झटक्यात सुटत नाही, बऱ्याचदा धरून-सोडून मगच सुटते. वर्षभर टिकलं तर बिडीमुळं वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो, आणि साठीनंतर सोडूनही फायदा होतोच.

सप्त्यातल्या काल्याला मी येतेय. मंडपामागं बिडी ओढायला जमणाऱ्या मंडळींत तुम्ही नसाल, तर विचारतीलच कुणीतरी, तेव्हाच सांगून टाका. येताना आईला दंतमंजन आणि तुमच्या दोन महिन्यांच्या गोळ्या आणते. मूग तोडायचा राहिला असेल तर दादाला दोन दिवस आधी बोलवा, माझी सुट्टी दोनच दिवसांची आहे.

तुमची,
सुमी