हमी देणाऱ्यांची बातमी छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगावच्या हॉटेलात झालेल्या ग्रीन कार्ड मेळाव्याची बातमी कालच्या अंकात वाचली. 'रक्कम परत मिळण्याची हमी, सहकुटुंब ग्रीन कार्ड' हे आयोजकांचे वाक्य तुमच्या वार्ताहराने जसेच्या तसे छापले. अहो, पैसे गुंतवणाऱ्याला ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, देणाऱ्या अमेरिकेच्या ईबी-५ कायद्यात पैसा बुडण्याची जोखीम असावीच लागते. परतीची हमी घेतली तर अर्जच नामंजूर होतो! गुंतवायचे ८ लाख डॉलर, तेही तिथल्या ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात. एरवी साडेदहा लाख. तिथल्या १० जणांना पूर्णवेळ काम द्यायचे. पहिले कार्ड २ वर्षांचे, सशर्त. आणि सहकुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुले. आईबाप त्यात येत नाहीत.

माझ्या चुलतभावाने अशाच एका सल्लागाराच्या भरवशावर यावल तालुक्यातली बागायत विकली. पोरगा तिकडे नोकरीला. अर्ज त्याच्या नावाने, पैसे बापाचे. खरेदीखत सरकारी भावाने झाले, वरची रक्कम रोखीत आली. आपल्याकडे असेच चालते, हे तुम्हालाही माहीत आहे. सल्लागार म्हणाला, 'कागद आम्ही बसवू.' पण तिथे सगळा पैसा कुठून आला ते दाखवावे लागते. बापाने मुलाला बक्षीस दिले, तरी बापाचे खरेदीखत, बँकेचा उतारा, प्राप्तिकराचे विवरण मागतात. रोखीच्या रकमेला यातला एकही कागद नव्हता. शिवाय एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, हे भावाला जमीन गेल्यावर कळले. सल्लागाराने फी परत केली नाही. हातात पैसा आहे, पण पाणी लागलेली तशी जमीन आता त्या भावात कोणी देत नाही. भाऊ सकाळी उठून जायचा कुठे?

अशा मेळाव्याला रावेर-चोपड्याकडचे शेतकरी तुमची बातमी वाचूनच जातात. त्याच पानावर त्याच आयोजकांची जाहिरात होती, आणि केळीच्या भावाची रोजची चौकट मात्र जागेअभावी गाळली होती. घड कापायचा की थांबायचा, हे आम्ही ती चौकट पाहून ठरवतो.

गुंतवणुकीच्या अटी बातमीइतक्याच मोठ्या अक्षरात छापा, आणि केळीचे भाव उद्यापासून परत सुरू करा.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. यावल