तंगूस काठावर टाकू नका

रंकाळ्यावर, पदपथ उद्यानाच्या बाजूला, संध्याकाळी गळ टाकून बसलेली मंडळी दिसतात. त्यांना हुसकावू नये. कणकेची गोळी लावून तासभर गप्प बसणं हाही विरंगुळाच (घरच्यांना पटत नाही, ते सोडा). पण तुटलेला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) तिथेच टाकू नका. नायलॉन कुजत नाही, बगळ्यांच्या पायांत अडकतो.

शिवाय पावसाळ्यात कटला, रोहूच्या माद्या गाभोळीनं भरलेल्या असतात. अशी मासळी लागली तर परत सोडावी. चिलापी मात्र खुशाल न्या! १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकी पाहुणा. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं भरपूर वाचतात.

तंगुसासाठी कट्ट्यालगत झाकणाचा एखादा डबा ठेवता येईल का?

– एक वाचक, कोल्हापूर