सही करून टाकलीय, रागावू नका

ती. आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि मग मी पण रडते, म्हणून लिहितेय. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डची, बीबीसीच्या खेळ विभागातली नोकरी घेतली, पर्मनंट. परवाच सही केली. दिवाळीत 'बघू' म्हणाले होते ना, तेव्हाच मनात ठरलं होतं, सॉरी.

बाबा, तुम्ही म्हणणार मॅच दाखवायला एवढं लांब कशाला. इथे बार्बरा स्लेटर म्हणून एक बाई होऊन गेल्या, म्हणजे आहेत, बीबीसीतून बाहेर पडल्या २०२४ ला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनकडून जिम्नॅस्टिक्स खेळल्या, तुम्ही मल्लखांबावरून उतरल्यावर मला घाम पुसत जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीच्या १० पैकी १० ची गोष्ट सांगायचात ना, तेच ऑलिम्पिक! १९८३ ला बीबीसीत ट्रेनी, २००९ ला स्पोर्टच्या डायरेक्टर, त्या खुर्चीवर पहिली बाई. मधे २६ वर्षं गेली हो, आणि मला तीन वर्षांत परत ये म्हणता. सगळं डिपार्टमेंट लंडनहून सॅल्फर्डला आलं ते त्यांच्याच काळात. आणि २०१२ चं लंडन ऑलिम्पिक त्यांनी एकाच वेळी २४ लाइव्ह स्ट्रीमवर दाखवलं, मिळून २५०० तास, म्हणजे चॅनेलवाला ठरवेल तोच खेळ बघा असं नाही. मल्लखांबाला बातम्यांत अर्धा मिनिट दिला म्हणून रिमोट कोणी आपटला होता? तो अर्धा मिनिट कुठल्यातरी खोलीत बसून कुणीतरी ठरवतं बाबा, मला त्या खोलीत बसायचंय.

त्यांचे वडील बिल स्लेटर वुल्व्ह्ज फुटबॉल क्लबचे कॅप्टन, १९६० ला एफए कप जिंकला, आणि नोकरी कसली, तर युनिव्हर्सिटीत शारीरिक शिक्षण शिकवायची. तुमचेच भाऊबंद, पीटीचे मास्तर! म्हातारपणी त्यांना डिमेन्शिया झाला, २०१८ ला गेले. हे कशाला लिहिलं मी. तुमचं चष्मा फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे ते नव्हे, तसं तर मी पण किल्ल्या विसरते. पण डॉक्टरांकडे जाऊन याच, ह्याच महिन्यात, दादाला सांगितलंय तो गाडी काढेल.

माझी काळजी नको. खोलीत हीटर आहे, कुकर आहे, मँचेस्टरला बसने गेलं की पोहे, शेंगदाणे, मेथी सगळं मिळतं. भाकरी मात्र अजून नकाशासारखीच होते. ताप आला की अजून तुझी गोधडीच आठवते आई, ती ह्या वेळी देच, बॅगेत जागा नाही म्हणू नकोस, लोणचं कमी दे.

बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, पंखा कितीही मळू दे. मागच्या वेळचं पुरे झालं. मे महिन्यात येतेय, तिकीट काढलंय, दोन आठवडे. तोवर रविवारी फोन उचला, टीव्ही म्यूट करून.

तुमची,
छकुली